कस्तुरा, वय नऊ, स्त्री

ए, चहा ओतू नका गं अजून. मी बोलायला लागले की तो थंडच होणार, आणि मग मैत्रीची आई म्हणणार, आमच्याकडचा चहा कुणाला आवडत नाही. आधी ऐका.

दीपमाला, रविवारी तू मला किती वेळा फोन केलास?

"बारा. आणि सुपरवायझरनं मला वीस वेळा विचारलं, रुपाली कुठंय म्हणून. मी काय सांगायचं होतं माय?"

तेच तर सांगते. तुझा बारावा फोन वाजला तेव्हा मी वाकडच्या पुलापाशी स्कूटीवर अडकले होते. वाटलं होतं रविवार आहे, आयटीवाले झोपलेत, रस्ता मोकळा मिळेल. कसला मोकळा! लोणावळ्याला निघालेली अख्खी दुनिया तिथं हॉर्न वाजवत उभी. आणि माझ्या जेवणाच्या डब्यात पोळीभाजी नव्हती, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन काचेच्या नळ्या होत्या. त्यात आमच्या घोडीच्या पोटातलं पाणी.

"ई!"

ई काय ई! त्या दोन नळ्यांवर तिचा जीव होता. म्हणजे तिला वाचवायचं की इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, हे त्या नळ्या सांगणार होत्या. आणि ते सगळं माझ्यामुळे झालं होतं. म्हणजे आजार नाही माझ्यामुळे, पण... थांबा, नीट पहिल्यापासून सांगते.

दीपमाला, तू लातूरची, तुला आमच्याकडची शर्यत माहीत नसेल. आमच्या मुळशी-मावळात गाडा घाटात पळतो, चढावर. गाड्याला बैल, आणि बैलांच्या पुढे घोडी. तिच्यावर माणूस बसलेला. घोडी जीव खाऊन पळते आणि बैल तिच्या मागे. घोडी ढिली पडली की बैलही ढिले, शर्यतीतली आपली बारी गेली. आमची घोडी कस्तुरा. माझ्या तात्यांची. तात्या म्हणजे माझे चुलते, चिमाजी. आमच्या गावात, माणमध्ये, गोठ्यामागे आता बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिलाय, तिथले लोक बाल्कनीतून कस्तुराचे फोटो काढतात, पण तात्यांचा दिवस अजून तिला खरारा करूनच सुरू होतो. आणि यंदा यात्रेतल्या शर्यतीत पहिल्यांदा घोडीवर मी बसणार होते. मी! दोन वर्षं मागे लागले होते. आधी म्हणायचे, "पोरीचं काम न्हाई ते." मग शेजारच्या गावात एक मुलगी बसली, तिचा व्हिडिओ सगळ्या गावाच्या मोबाईलवर फिरला, तेव्हा कुठं तात्या म्हणाले, "बस, पन पडलीस तर तुझ्या आईला तोंड तू दाखवायचं."

तर मागच्या बुधवारी शिफ्टवरून घरी आले, गोठ्यात गेले, आणि कस्तुरा नुसती उभी. मला बघून फुरफुरली नाही, मान वर केली नाही. कानाला हात लावला तर चटका बसला. पोट वर ओढून घेतलेलं, चारी पाय जागच्या जागी रोवलेले. तोबऱ्यात चंदी तशीच, एक दाणा उचललेला नाही. तात्या घाटाच्या कामाला गेलेले, त्यांना माहीतच नाही. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला माहितीये? हिला बरं नाही हा नाही. आता तात्या हिला यात्रेला उतरवणार नाहीत, हा.

"रुपे!"

बोल, बोल. मी स्वतःला त्याहून जास्त बोललेय.

आमच्या बैलाच्या पायाला मार लागला होता तेव्हाच्या दुखण्याच्या गोळ्या होत्या कोनाड्यात. मोठ्या असतात, जनावरांच्या. गुरुवारी पहाटे तात्या उठायच्या आत मी एक गोळी कुटली, गुळाच्या खड्यात दाबली आणि तिला चारली. आणि काय सांगू, दुपारपर्यंत घोडी झकास! ताप गायब, चार घास खाल्ले, तात्यांनी पाठ थोपटली तिची. मला वाटलं, झालं बरी. शुक्रवारी सकाळी परत तशीच, मग मी परत गूळ. शनिवारी परत.

बरं, शुक्रवारी दुपारी तात्यांना जरा शंका आली, म्हणून त्यांनी विजयश्री मॅडमना बोलावलं. घोड्यांच्या डॉक्टर आहेत. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, बारीकशा, पण कस्तुराच्या मागे अशा बेधडक जाऊन उभ्या राहतात की बघत राहावं. त्यांनी ताप बघितला, तर नाहीच. पोटाला नळी लावून ऐकलं. मग विचारलं, "दुखण्याचं, तापाचं काही दिलंय का हिला?"

तात्या म्हणाले, "न्हाई बा. पाल्याशिवाय काय न्हाई."

तात्या खोटं बोलले नव्हते. खोटं मी बोलले, गप्प राहून. तिथंच उभी होते, हातात बादली घेऊन. मॅडम म्हणाल्या, मग गॅस असेल, नाकातून नळी घालून तेल दिलं, लक्ष ठेवा म्हणाल्या, गेल्या.

शनिवारी गोळ्या संपल्या.

रविवारी सकाळी तात्यांची हाक आली ती अशी आली की मी चप्पल न घालता पळाले. कस्तुरा कोपऱ्यात तोंड घालून उभी होती. पाऊल उचलायला लावलं तर कण्हायची. घोडी कण्हते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मॅडम तासाभरात आल्या. ताप एकशे चार. ठोके दुप्पट. कुशीला नुसतं बोट लावलं तरी पोट दगडासारखं घट्ट करायची. मॅडम म्हणाल्या, "पोटाच्या आत, आतड्यांच्या बाहेर पू झाला असणार. पाणी काढून बघायला लागेल."

आता हे कसं काढतात बघा. पोटाखाली, अगदी खालच्या जागी, केस भादरले, तीन-तीनदा औषधानं धुतलं. तात्यांनी ओठाला दोरीचा पीळ दिला, म्हणजे घोडी हलत नाही. आणि मॅडम खाली वाकल्या, लाथेच्या टप्प्यात, आणि सुई घातली. आणि सुईतून टपटप आलं ते हिरवट-तपकिरी. घाण वास. आत चाऱ्याचे बारीक तुकडे.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सुई काढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या, दोनच गोष्टी असू शकतात. एक, माझी सुई चुकून आतड्यात गेली. असं होतं कधीकधी. दोन, आतडं फुटलंय आणि चारा पोटात सांडलाय. दुसरं असेल तर औषध नाही. तिचे हाल थांबवणं एवढंच आपल्या हातात."

तात्या तिच्या कपाळावरची बट सरळ करत राहिले. मग म्हणाले, "हाल नगं करायला, म्याडम. लई पळली हाय ती माझ्यासाटी."

म्हणजे तयार झाले होते ते! मॅडम म्हणत होत्या, "एकदा ठरवायच्या आधी सांगा, हिला ताप कधीपासून आहे? परवा नव्हता. म्हणजे काल रात्रीत सुरू झालं असेल तर मला भीती फुटल्याचीच वाटते."

आणि तेव्हा माझ्या तोंडातून निघालं. कसं निघालं माहीत नाही. म्हटलं, "बुधवारपासून आहे मॅडम. मी गोळ्या दिल्या. गुळातून. तीन दिवस."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं गं. नुसतं बघितलं.

मला वाटलं, आता मॅडम पण काहीतरी बोलणार. तर त्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. "बुधवारपासून? नक्की? हाताला ताप लागला होता?"

"चटका बसला होता."

"अगं मग चार दिवस झाले! आतडं फुटलेलं घोडं चार दिवस उभं राहत नाही. एका दिवसात संपतं. आणि आज सकाळी फुटलं असतं तर ही घामानं थबथबली असती, पाय गार पडले असते. हिचे पाय बघ, कोमट आहेत. म्हणजे हे हळूहळू वाढलेलं इन्फेक्शन असू शकतं. माझी सुईच चुकली असेल."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे कंपनीत एका रीडिंगवर पार्ट स्क्रॅप करत नाहीत. आधी गेज तपासतात, मग दुसरीकडून मोजतात."

मॅडम म्हणाल्या, "मग मोजूया की दुसरीकडून." आणि थोडंसं हसल्या. त्या हसण्यावर मी पुढचे चार तास काढले.

दुसऱ्या वेळी सुई नाही वापरली त्यांनी. गाईच्या सडात घालायची नळी असते ना, बोथट टोकाची, ती काढली. ती आतड्याला भोसकत नाही, बाजूला सरकवते. चार बोटं उजवीकडे जागा घेतली. आणि या वेळी आलं ते नारिंगी, गढूळ, टोमॅटोच्या सारासारखं. पण वास नाही. चाऱ्याचा तुकडा नाही, निदान डोळ्यांना दिसेल असा तरी. एरवी म्हणे फिकट पिवळं, स्वच्छ असतं, पलीकडचा पेपर वाचता येईल इतकं.

"आता हे मायक्रोस्कोपखाली बघायला हवं," मॅडम म्हणाल्या. "चाऱ्याचे धागे आणि दहा जातींचे जंतू दिसले तर आतडं गेलंय. एकाच जातीचे दिसले तर आपण लढायचं." पण रविवार! जनावरांची लॅब बंद. मॅडमचं स्वतःचं मशीन दुरुस्तीला. मी म्हटलं, मैत्री! तिची माणसांची लॅब तर रविवारीही उघडी असते.

"आणि मी बिचारी लॅबमध्ये शुगरचे रिपोर्ट छापत बसले होते," मैत्री म्हणाली. "ही हेल्मेटसकट आत. काउंटरवर डबा ठेवला. मागचे आजोबा म्हणाले, बाळ, इथं जेवायला बसायचं नाही."

हो, आणि हिनं एक प्रश्न न विचारता घेतलं हां, ते सांगायला पाहिजे. स्लाइड केली, रंग दिला. पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घोडी कुठं लिहायची?

"तसा कॉलमच नाहीये! नाव टाकल्याशिवाय नंबर पडत नाही, वय टाकल्याशिवाय पुढं जात नाही. मी टाकलं, कस्तुरा चिमाजी, वय नऊ, स्त्री. खाली शेऱ्यात 'घोडी' लिहिलं होतं मी, शपथ. शेरे कुणी वाचतच नाही. मग सर मला म्हणाले स्लाइड ठेव, मी बघतो, तू दापोडी स्टेशनजवळच्या आजींचं रक्त घेऊन ये. मी गेले."

ही गेली, आणि मी परत माणला. आणि फोन नंबर दिला होता तात्यांचा, कारण माझी बॅटरी दीपमालानं संपवली होती. दुपारी दोन वाजता आम्ही गोठ्यात. मॅडमनी सलाइन लावलेलं, बाटल्या वाशाला टांगलेल्या. इंजेक्शनं सुरू केली होती त्यांनी, वाट न बघता. एक मानेत, एक शिरेत. पण शिरेतलं देण्याआधी भरपूर सलाइन, कारण मी दिलेल्या गोळ्यांनी तिची मूत्रपिंडं आधीच शिणली होती, आणि हे औषधही त्यांनाच त्रास देतं. हे मॅडमनी मला मुद्दाम समजावून सांगितलं. रागानं नाही. म्हणून जास्त लागलं.

आणि तात्यांचा फोन वाजला. तात्या फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, सगळ्या माणला ऐकू जाईल असा.

"कस्तुराचे वडील का?" पलीकडून घाबरलेला आवाज.

तात्या म्हणाले, "बापच म्हना."

"मी लॅबमधून डॉक्टर बोलतोय. अहो, मुलगी कुठं आहे?"

"हितंच हाय की. उबी हाय."

"उभी? उभी कशी राहील ती? पोटात पू आहे तिच्या! पेशी लाखाच्या वर आहेत! तिला ॲडमिट का नाही केलं?"

"कुटं न्यायची, सायेब? टेम्पोत चढंना."

"टेम्पो?" आणि लगेच, "तिनं काही खाल्लंय का?"

"कालपास्नं कडब्याला तोंड लावंना."

"कडबा! अहो, नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही कडबा घालता? मी पोलिसांना फोन करीन!"

तात्या पण तापले. "मग काय श्रीखंड घालू? आन तुमी नीट बोला. पोरीवानी वाडवलीय मी तिला. शिंगरू हुती तवापास्नं!"

मॅडम सलाइनची बाटली धरून अशा हसत सुटल्या की बाटली हलायला लागली. मी तात्यांच्या हातून फोन घेतला. म्हटलं, "सर, सर, घोडी आहे ती! शेरा वाचा!"

मग ते म्हणाले, "घोडी." परत म्हणाले, "घोडी." आणि एवढा मोठा उसासा टाकला त्यांनी, स्पीकरमधून वारा आला. "अहो, मी ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून बसलोय इथं."

मॅडमनी फोन घेतला. हसणं एकदम थांबलं त्यांचं. "सर, जंतू किती जातींचे दिसतात? आणि चाऱ्याचे धागे आहेत का? पाल्याचे, हिरवे?"

"माणसाच्या पोटात पाला कशाला शोधेन मी? थांबा, परत बघतो."

आणि थांबलो आम्ही. ती दोन मिनिटं काढून घ्या माझ्या आयुष्यातून. तात्यांनी कस्तुराच्या मानेवर हात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. मी बोटानं सलाइनचे थेंब मोजत होते. शहाऐंशीपर्यंत गेले.

"मॅडम? अख्खी स्लाइड बघितली. धागा एकही नाही. आणि जंतू एकाच जातीचे आहेत. बारीक, काडीसारखे. सगळे एकसारखे."

मॅडम म्हणाल्या, "थँक यू, सर." मग फोन बंद केला आणि तात्यांना म्हणाल्या, "आतडं शाबूत आहे. ही बरी व्हायला हरकत नाही."

तात्या मटकन खाली बसले. तिथंच, लीद पडलेली त्यावरच.

"आणि मी परत आले तर सर म्हणतात, मैत्री, तुझी ती पेशंट चार पायांची आहे हे सांगायचं राहिलं का?"

हो गं बाई, तुझे उपकार.

मग पुढचं भराभर सांगते. सोमवारी सकाळी ताप एकशे दोन. संध्याकाळी त्याहून खाली. मंगळवारी तिनं लसूणघासाची एक काडी उचलली, नुसती एकच, आणि तात्यांनी सगळ्या आळीत सांगितलं. काल जंतूंचा पक्का रिपोर्ट आला, त्याच औषधांनी मरतात म्हणे ते. घोड्यांच्या तोंडात, आतड्यात हे जंतू असेच राहतात, कधीतरी पोटात शिरतात. का शिरले ते मॅडमना पण सांगता येत नाही. इंजेक्शनं अजून बरेच दिवस चालणार. अर्धवट सोडली तर आत गाठ धरू शकते, म्हणून बरी दिसली तरी सोडायची नाहीत. यात्रेला ती पळणार नाही. मी पण नाही. तात्यांनी घाटावर जाऊन नाव काढून घेतलं, आणि मला त्याचं, खरं सांगते, काही वाटलं नाही. मला फक्त तिनं लीद टाकली की बरं वाटतं. हसू नका! लीद म्हणजे आतडं चालू.

"आणि तात्या?" दीपमालानं विचारलं. "बोललेत का तुला?"

तीन दिवस धड नाही. रविवारी संध्याकाळी फक्त थर्मामीटर माझ्या हातात दिला. त्याला दोरा बांधला होता त्यांनी, घोडीला शेपटीखाली लावतात ना, आत जाऊ नये म्हणून. आणि म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ. ल्हून ठिवायचं. जे दिसंल तेच." बास. मी कंपनीतल्यासारखी चेकशीट केली, गोठ्याच्या खांबाला अडकवली. तारीख, वेळ, ताप, चारा, लीद, सही. तात्यांना वाचता येतं जेमतेम, पण रोज त्यावर बोट फिरवतात आणि विचारतात, "ह्यो आकडा खरा का?" मी म्हणते, खरा.

पण एक गोष्ट राहिली होती. सोमवारपासून मी गूळ पुढं केला की कस्तुरा तोंड फिरवायची. तात्यांच्या हातून खायची, माझ्या हातून नाही. कडू लागलं असणार ना तिला ते तीन दिवस. वास घ्यायची, नाकपुड्या फुगवायची आणि मान पलीकडे. तिनं मला ओळखलं होतं, म्हणजे माझं काम ओळखलं होतं. तात्यांसमोर हे रोज होत होतं.

आज सकाळी मी ताप लिहिला, शंभर, म्हणजे घोड्याला नॉर्मल, सही केली, आणि गुळाचा खडा हातात घेऊन नुसती उभी राहिले. तात्या मागून आले. म्हणाले, "असं न्हाई. आदी तू खा."

"मी?"

"तिच्यासमोर. तिला दिसू दे. आर्धा तू, आर्धा तिला."

मी अर्धा खडा दातांनी तोडला. ती बघत होती, कान माझ्याकडे वळवून. मी चावला, गिळला. तोंड उघडून दाखवलं पण तिला, वेडी म्हणा मला. आणि उरलेला अर्धा तळहातावर ठेवला. तिनं हुंगला. परत हुंगला. आणि मग, अगं, तो खरबरीत ओठ असा हातावर फिरला, आणि हात रिकामा.

तात्या म्हणाले, "हां. आता शिफ्टला जा."

मी म्हटलं, "तात्या, आज गुरुवार, सुट्टी आहे."

"मग लीद काड," म्हणाले, आणि हसले. चार दिवसांनी.

लीद काढूनच आलेय मी इथं. ओता आता चहा. साखर जरा जास्त टाका, माझ्या तोंडाला अजून गूळ आहे, साधा चहा गोड लागणार नाही.